पहिल्या आठवड्याचा रिव्ह्यू आणि चौदाव्या महिन्यातली बिजागरी

सावली

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपची बिजागरी गेली. चौदावा महिना चालू होता, वॉरंटी संपून दोन महिने होत आले होते. मशीन कधी पडलं नाही, आपटलं नाही. झाकण उघडताना उजवीकडून कट्‌कन आवाज आला आणि पडद्याची चौकट बुडाशी उकलली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला बोलायचंय ते मशीन घेण्याआधी मी वाचलेल्या-पाहिलेल्या अकरा रिव्ह्यूंबद्दल.

ते सगळे मी परत उघडले. रागातच उघडले, कोण खोटं बोललं ते शोधायला. कोणीच बोललं नव्हतं. पडदा चांगला म्हटलं होतं, तो आहेच. की-बोर्ड आरामशीर, तेही खरं. दोघांनी तर बिजागरीचंच कौतुक केलंय, झाकण एका बोटानं उघडतं म्हणून. वर्षभर ते तसंच उघडत होतं. मग तारखा पाहिल्या. अकरापैकी आठ रिव्ह्यू एकाच दिवशी आलेले. त्यातले चौघे सरळ सांगतात की मशीन कंपनीनं पाठवलंय आणि हातात येऊन पाच-सहा दिवस झालेत. उरलेल्या चौघांनी याबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

म्हणजे मला ज्याची सगळ्यात जास्त गरज होती ते या आठांपैकी कोणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. मी वस्तू तीन-चार वर्षांसाठी घेतली आणि भरवसा ठेवला पाच दिवसांच्या ओळखीवर.

रिव्ह्यूंच्या प्रामाणिकपणावर वाद निघाला की गाडी लगेच ‘पैसे घेतले का’ या स्टेशनावर येऊन थांबते. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण पैसे न घेतलेला, मनापासून लिहिलेला रिव्ह्यूसुद्धा किती तोकडा असू शकतो याकडे आपण पाहत नाही. अॅपलच्या लॅपटॉपमधला बटरफ्लाय की-बोर्ड २०१५ मध्ये आला. तेव्हाच्या रिव्ह्यूंमध्ये तक्रार होती ती बटणं फारशी दबत नाहीत, सवय व्हायला वेळ लागतो अशी. धुळीच्या कणानं बटण अडकतं किंवा एका दाबात अक्षर दोनदा उमटतं, हे लोकांना वापरता वापरता कळलं. मोफत दुरुस्तीची योजना २०१८ च्या जूनमध्ये आली आणि अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ फोन तर २०१६ च्या ऑगस्टमध्ये कौतुकात न्हाऊन निघाला होता. सप्टेंबरमध्ये बॅटऱ्या पेट घेतात म्हणून परत मागवला गेला, ऑक्टोबरमध्ये कायमचा बंद झाला. ऑगस्टमध्ये चांगलं लिहिणाऱ्यांना बॅटरीच्या आतलं दिसणार कसं?

म्हणून रिव्ह्यू विश्वासार्ह कशामुळे ठरतो याबद्दल माझं मत असं झालंय: वस्तू कुठून आली, किती दिवस वापरली, आणि पुढे काही वेगळं निघालं तेव्हा लिहिणारा परत आला का. यातलं शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि तेच सगळ्यात कमी दिसतं. त्या अकरापैकी एकानेही वर्षभरात आपल्या लेखात एक ओळ वाढवलेली नाही.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः कुणी या क्षेत्रात काम केलं असेल तर.

रोखठोक

सावली, तुम्ही फार सौम्य लिहिलंय. पैशांचा प्रश्न असा बाजूला सारू नका.

२००९ मध्ये बेल्किनच्या एका कर्मचाऱ्यानं ऑनलाइन मजुरीच्या साइटवर जाहिरात टाकली होती: आमच्या राउटरला पाच तारे द्या, पैसे मिळतील. शिवाय वाईट रिव्ह्यूंवर ‘उपयोगी नाही’ असं मत नोंदवा. वस्तू वापरलेली असण्याची गरज नाही. उघडकीस आल्यावर कंपनीनं माफी मागितली. २०१३ मध्ये तैवानच्या स्पर्धा नियामकानं सॅमसंगला १ कोटी तैवानी डॉलरचा दंड केला, कारण पैसे देऊन लोकांकडून इंटरनेटवर एचटीसी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या फोनविरुद्ध लिहवून घेतलं जात होतं. २०२४ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनसाठी इन्फ्लुएन्सर मंडळींना पाठवलेल्या अटींमध्ये असं निघालं, की इतर फोनना पिक्सेलपेक्षा जास्त पसंती देताना दिसलात तर आपलं नातं संपेल. बोभाटा झाल्यावर ते वाक्य काढलं.

ही सापडलेली उदाहरणं. एकाच दिवशी एकाच सुरात आठ रिव्ह्यू येतात तेव्हा मला तरी तो योगायोग वाटत नाही.

जुनी_शाई

मी सहा वर्षं एका प्रकाशनात फोन आणि लॅपटॉपचे रिव्ह्यू लिहायचो. सोडून बराच काळ झाला. रोखठोक, एकाच दिवशी येण्याचं कारण साधं आहे. त्याला एम्बार्गो म्हणतात. अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत काही छापणार नाही असं मान्य केल्यावरच वस्तू आधी मिळते. यात लपवाछपवी नाही, सगळेच हे उघडपणे करतात. हेतूही वाईट नव्हता. एम्बार्गो नसेल तर जो सर्वांत घाईत लिहील तोच वाचला जाईल. पण परिणाम असा होतो की वस्तू मंगळवारी येते, पुढच्या सोमवारी छापायचं असतं आणि टेबलावर आणखी दोन वस्तू असतात.

आता दबावाबद्दल. सहा वर्षांत ‘चांगलं लिहा’ असा फोन मला एकदाही आला नाही. जे व्हायचं ते फार शांतपणे व्हायचं. एका कंपनीच्या फोनबद्दल मी कडक लिहिलं. पुढच्या वेळी त्यांचा फोन आमच्याकडे एम्बार्गो उठल्यावर तीन दिवसांनी आला. कारण विचारलं तर ‘नग कमी होते’. त्या तीन दिवसांत वाचक दुसरीकडे वाचून मोकळे झाले. संपादक मला काहीच बोलले नाहीत. पण नंतर लिहिताना माझं मलाच जाणवायला लागलं, की जिथे ‘वाईट’ लिहायला हवं तिथे माझ्या हातून ‘अपेक्षेपेक्षा थोडं कमी’ असं येतंय. कोणी सांगितलं नव्हतं. मीच शिकलो होतो. मी नोकरी सोडली त्यामागे हे एक कारण होतं आणि आजही ते वाक्य कुणाच्या लिखाणात दिसलं की मला अपराधी वाटतं.

कधी कधी हे उघड्यावरही येतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये एनव्हिडियानं हार्डवेअर अनबॉक्स्ड या यूट्यूब चॅनेलला कळवलं, की तुम्ही रे-ट्रेसिंगला (खेळातला प्रकाश खऱ्यासारखा दाखवायचं तंत्र) पुरेसं महत्त्व देत नाही, म्हणून यापुढे तुम्हाला आमची ग्राफिक्स कार्डं पाठवणार नाही. चॅनेलनं ते जाहीर केलं, बाकीचे मोठे रिव्ह्यूअर पाठीशी उभे राहिले आणि काही दिवसांतच कंपनीनं निर्णय मागे घेऊन माफी मागितली. माझ्यासारख्या छोट्या प्रकाशनातल्या माणसाला ती सोय नव्हती.

मालकही दबाव आणू शकतो. २०१३ मध्ये सीनेट (CNET) या तंत्रज्ञानविषयक साइटच्या परीक्षकांना सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनातलं सर्वोत्तम उत्पादन म्हणून डिश या उपग्रह टीव्ही कंपनीचा ‘हॉपर’ हा टीव्ही रेकॉर्डर निवडायचा होता. सीनेटची तेव्हाची मालक सीबीएस ही टीव्ही कंपनी, आणि सीबीएसचा डिशशी खटला चालू. वरून आदेश आला, हॉपर यादीतून काढला. त्यावरून एका पत्रकारानं राजीनामा दिला आणि पुढे प्रदर्शनाच्या आयोजकांनी सीनेटकडून पुरस्कार देण्याचं कामच काढून घेतलं.

अफिलिएट लिंकबद्दल एकच सांगतो. लेखातल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की लिहिणाऱ्याला वाटा मिळतो. ‘दोन्ही चांगले आहेत, तुमच्या गरजेनुसार ठरवा’ असं लिहिलं की दोन्हीकडून मिळतो. ‘सध्या काहीच घेऊ नका, जुनं अजून वर्षभर चालवा’ असं लिहिलं की काहीच मिळत नाही. खूपदा खरा सल्ला मात्र हाच असतो.

समास

जुनी_शाई, इतकं मोकळेपणानं लिहिल्याबद्दल आभार.

ग्राहकांच्या ताऱ्यांबद्दल थोडं. बऱ्याच जणांना वाटतं की परीक्षक विकले जाऊ शकतात, पण हजारो सामान्य माणसांची सरासरी खरी असणार. तसं नाही. लिहायला बसतो तो एक तर फार खूश असतो नाही तर फार चिडलेला. ‘ठीक आहे’ म्हणणारा लिहीतच नाही. म्हणून आलेख बहुतेकदा पाच ताऱ्यांवर उंच, एकवर थोडा वर आणि मध्ये खड्डा असा दिसतो. अशा आलेखाची सरासरी फारसं काही सांगत नाही. शिवाय बहुसंख्य तारे पहिल्या पंधरवड्यातले, म्हणजे सावलींचाच मुद्दा इथेही.

मी तारखेनुसार लावून सर्वांत नवीन तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू आधी वाचते. जुने काय म्हणतात तेही पाहते. इअरफोनच्या पानावर ‘झाकण घट्ट बसतं, डबा सांडत नाही’ असं वाचलं की समजायचं, जुन्या कुठल्या तरी वस्तूचं पान नव्या वस्तूला जोडलंय आणि तारे फुकटात मिळालेत.

अॅमेझॉननं फुकट वस्तूच्या बदल्यात रिव्ह्यू लिहिण्यावर २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बंदी घातली, निवडक परीक्षकांना फुकट वस्तू देणारी स्वतःची ‘वाइन’ (Vine) योजना वगळून. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या रिव्ह्यूंविरुद्धचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. चांगलंच लिहायचं या अटीवर पैसे देणं, कर्मचाऱ्यांनी ओळख लपवून लिहिणं, धमकावून वाईट रिव्ह्यू काढायला लावणं, सगळं त्यात येतं. तरीही खोक्यातून ‘पाच तारे द्या, भेट मिळवा’ अशी चिठ्ठी निघते. माझ्याकडे अशा चार चिठ्ठ्या आहेत.

पेचकस

मी दुरुस्तीचं काम करतो. सावली ताई, तुमच्या बिजागरीबद्दल सांगू का? न पाहता सांगतो, चुकलो तर सांगा. बिजागरी धातूची आहे आणि ती मोडलेलीच नाही. मोडलंय ते तिला धरून ठेवणारं प्लास्टिक. प्लास्टिकच्या खुंट्यांमध्ये छोटे पितळी नट दाबून बसवलेले असतात, त्यात बिजागरीचे स्क्रू जातात. बिजागरी कालांतरानं ताठ होते, प्रत्येक उघडझापीला तो ताण नटांवर येतो आणि एक दिवस नट खुंटीसकट उपटून येतात. माझ्याकडे अशी मशीनं सतत येतात.

आणि म्हणूनच तुमच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. हे कळायला चौदा महिने लागत नाहीत. मागचं झाकण उघडलं की पहिल्याच दिवशी दिसतं, की बिजागरी धातूच्या सांगाड्यात बसवलीय की प्लास्टिकमध्ये. दहा मिनिटांचं काम आहे. बॅटरी चिकटवलीय का, रॅम बदलता येते का, चार्जिंगचा सॉकेट वेगळ्या पट्टीवर आहे की मदरबोर्डवरच झाळलाय, सगळं त्या दहा मिनिटांत दिसतं. तुमच्या अकरांपैकी किती जणांनी मशीन उघडलं होतं?

माझ्या बोलण्यातली खोटही सांगतो. माझ्याकडे फक्त बिघडलेलंच येतं. एखादं मॉडेल माझ्याकडे जास्त येतं म्हणजे ते वाईट असेल असं नाही, ते जास्त खपलेलंही असेल. त्यामुळे ‘अमुक कंपनी टाकाऊ’ असं दुरुस्तीवाला म्हणाला तर तेही तपासून घ्या.

सावली

@पेचकस, तंतोतंत. नट खुंटीसकट बाहेर आलेत, फोटोत दिसतंय. आणि अकरापैकी एकानेही मशीन उघडलं नव्हतं. मी पुन्हा तपासलं. माझा मुद्दा मी इथे दुरुस्त करते: काही गोष्टींना वेळ लागतोच, पण काही गोष्टी फक्त पाहायच्या राहून जातात.

@रोखठोक, पैशांचा मुद्दा बाजूला सारायचा नव्हता. पण जुनी_शाईंचा अनुभव वाचून मला जास्त भीती वाटली ती त्या ‘अपेक्षेपेक्षा थोडं कमी’ची. पैसे घेतलेला एखाद्या दिवशी पकडला जातो. हे वाक्य कसं पकडणार?

माध्यान्ह

दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली, रिव्ह्यूअरच्या हातातली वस्तू आणि आपल्याला मिळणारी वस्तू एकच असते हे गृहीत धरू नका. क्रुशिअल कंपनीचा पी२ एसएसडी (माहिती साठवायची ड्राइव्ह) २०२० मध्ये टीएलसी प्रकारच्या फ्लॅश मेमरीसह आला, रिव्ह्यू त्यावर झाले. पुढे त्याच नावाखाली क्यूएलसी प्रकारचा फ्लॅश वापरायला लागले, जो मोठ्या फाइल लिहिताना बराच हळू पडतो. वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० या एसएसडीमध्येही २०२१ मध्ये फ्लॅश बदलल्याचं निघालं. कॅशे (तात्पुरत्या साठवणीची वेगवान जागा) भरली की नव्या नगाचा वेग जुन्यापेक्षा पुष्कळ खाली. त्यानंतर कंपनी म्हणाली की यापुढे असा बदल केला तर मॉडेल क्रमांक बदलू. इथे रिव्ह्यूअरचा काय दोष? पण रिव्ह्यू मात्र निकामी झाला, आणि तो अजूनही शोधात वरती येतो.

चाचणीलाच फसवण्याचा प्रकार तर फार जुना. २००१ मध्ये एटीआयच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ‘क्वेक ३’ हे नाव ओळखून त्या खेळापुरता वेग वाढवत होता आणि चित्राचा दर्जा कमी करत होता. तपासणाऱ्यांनी फाइलमधल्या ‘क्वेक’चं ‘क्वॅक’ केलं, तर वेग खाली आला. २०१३ मध्ये गॅलक्सी एस४ फोन वेग मोजणारी ठरावीक बेंचमार्क अॅप ओळखून प्रोसेसर जोरात पळवत होता, २०१८ मध्ये हुआवेच्या फोनांचं तेच निघालं. म्हणून आकड्यांचे तक्ते दाखवणाऱ्यानं नाव बदललेल्या अॅपवर चाचणी केली का, हे मी आवर्जून पाहतो.

दुसरी गोष्ट आपल्याबद्दल, आणि ती मला जास्त खुपते. २०२४ च्या एप्रिलमध्ये मार्केझ ब्राउनली या रिव्ह्यूअरनं ह्युमेन या कंपनीच्या एआय पिनला (कपड्यावर लावायचं एआय उपकरण) आपण आजवर पाहिलेलं सर्वांत वाईट उत्पादन म्हटलं. लगेच काही लोक त्याच्यावर तुटून पडले, की नव्या छोट्या कंपनीला असं बुडवणं अनैतिक आहे. वर्षभरातच, २०२५ च्या फेब्रुवारीत, ह्युमेननं आपला बराचसा कारभार एचपीला विकला आणि ते पिन बंद पडले. तेव्हा त्यानं नरमाईनं लिहावं अशी अपेक्षा होती कोणाची? प्रेक्षकांचीच. आपण घेतलेल्या फोनला कोणी नावं ठेवली की आपण खाली जाऊन त्याला शिव्या घालतो. कितीतरी लोक वस्तू घेतल्यावर रिव्ह्यू पाहतात, आपण बरोबर केलं हे ऐकायला. मीही केलंय. मग जो ते ऐकवतो त्याचंच दुकान चालतं.

जुनी_शाई

माध्यान्ह, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. मला कंपन्यांपेक्षा वाचकांची पत्रं जास्त घाबरवायची.

सावली, ‘परत येणं’ म्हणता त्याचं एक उदाहरण देतो, मला ते फार आवडतं. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था १९३६ पासून आहे. जाहिराती घेत नाही, वस्तू साध्या गिऱ्हाइकासारख्या विकत घेते. २०१६ च्या अखेरीस त्यांनी अॅपलच्या नव्या मॅकबुक प्रो लॅपटॉपची शिफारस नाकारली. एकाच मशीनवर लागोपाठ तीन चाचण्यांत बॅटरी चालली १६ तास, पावणेतेरा तास आणि पावणेचार तास. अॅपलनं चाचणीची नोंद मागितली, त्यांनी दिली. निघालं असं की चाचणीसाठी त्यांनी सफारी ब्राउझरमधली कॅशे बंद ठेवली होती आणि त्या आडवळणाच्या सेटिंगमुळे ब्राउझरमधला एक दोष उघडा पडत होता. अॅपलनं दोष काढला, संस्थेनं पुन्हा चाचणी केली आणि २०१७ च्या जानेवारीत शिफारस दिली. चाचणी कशी केली, काय बदललं, सगळं छापलं. याच संस्थेनं २०१० मध्ये आयफोन ४ ला स्वतःच्या गुणतक्त्यात वर ठेवूनही अँटेनाच्या दोषामुळे शिफारस नाकारली होती.

याउलट २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेमर्स नेक्सस या यूट्यूब चॅनेलनं लिनस टेक टिप्स या दुसऱ्या चॅनेलच्या चाचण्यांतल्या चुका दाखवल्या. एका छोट्या कंपनीचा कूलिंग ब्लॉक (ग्राफिक्स कार्ड थंड ठेवणारा भाग) तो ज्या कार्डासाठी बनवला होता त्यावर न लावता भलत्याच कार्डावर लावून त्याला नावं ठेवली होती. सुरुवातीचा त्यांचा प्रतिसाद फार बचावात्मक होता. नंतर त्यांनी काही दिवस व्हिडिओ काढणं थांबवून चुका तपासायची पद्धत बदलली. पैसे खाल्ल्याचा आरोप यात कुठेच नव्हता. घाई होती, रोज काहीतरी टाकायची.

रोखठोक

मी जरा मागे येतो. मॅकबुकचा किस्सा मला माहीत नव्हता. पण अशा संस्था चालतात वर्गणीवर. वर्गणी कोण भरतं? मी स्वतः आजवर एकाही रिव्ह्यूसाठी दमडी मोजलेली नाही, हे लिहिताना लक्षात आलं.

टिपणवही

मी शांतपणे वाचत होते. मला आईसाठी फोन घ्यायचाय, चार-पाच वर्षं टिकायला हवा. इतकं सगळं वाचून आता कोणावरच विश्वास ठेवावासा वाटत नाही. नेमकं पाहू काय?

पेचकस

टिपणवही, नुकताच आलेला फोन घेऊ नका. आठ-दहा महिने झालेला बघा. तोवर काय बिघडतं ते बाहेर आलेलं असतं. फोनच्या नावापुढे ‘चार्जिंग बंद’, ‘पडद्यावर रेघ’ असं टाकून शोधा. बॅटरी आणि पडदा सुटे मिळतात का ते आधी विचारा. सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीनं लिहून दिलंय का पाहा. ‘देऊ’ असं तोंडी नको.

समास

आणि एकच असा रिव्ह्यूअर निवडा ज्याचे जुने रिव्ह्यू तुमच्याकडे आत्ता असलेल्या फोनशी पडताळता येतील. तुमचा सध्याचा फोन त्यानं कसा सांगितला होता ते काढून वाचा. तुमचा अनुभव त्याच्याशी जुळला, तर नव्याबद्दलही त्याचं ऐका. मी दोन जणांवर असंच थांबलेय. बाकीचे पाहणं सोडलं.

सावली

समास, हे मला सुचलंच नव्हतं. आज रात्री करून पाहते.

एक ठरवलंय. त्या अकरांपैकी ज्या चौघांनी मशीन कंपनीकडून आल्याचं सांगितलं होतं, त्यांना मी फोटोंसकट लिहिलं. चिडून नाही, एवढंच की चौदाव्या महिन्यात असं झालं, तुमच्याकडचं मशीन अजून असेल तर उघडून पाहाल का. काल एकाचं उत्तर आलं. त्याच्याकडचं मशीन कंपनीनं महिन्याभरात परत नेलं होतं, पण त्यानं जुन्या लेखात वरती माझी नोंद आणि फोटो लावलेत. बाकी तिघांची वाट पाहतेय.

आणि घरातल्या सगळ्या जुन्या वस्तूंची नोंद मी इथेच टाकणार आहे. घेतल्याचा महिना, काय बिघडलं, काय अजून नीट चालतंय. चांगलं चाललंय तेही, नाहीतर पेचकस म्हणतात तसं फक्त बिघडलेलंच दिसेल. सुरुवात ३१ महिन्यांच्या फोनपासून करते.

पेचकस

लिहा, मीही भर घालतो. बॅटरी किती उरलीय ते टाकाल तेव्हा कशावरून मोजलं तेही लिहा, फोनच्या स्वतःच्या आकड्यावरून की बाहेरच्या मीटरवरून. आणि बिजागरीचा फोटो जरा जवळून काढून टाका, डावीकडच्या नटाभोवती तडा गेलाय का पाहायचंय. गेला नसेल तर ती बाजू आताच वाचवता येईल.